कडेवरचं मूल आणि घरची दिवाळी

दिवाळीच्या आधी घरोघरी याद्या होतात. भाजणी, तूप, पणत्या, आकाशकंदिलाचा बल्ब, भाऊबीजेला कोणाला काय. घरात एक ते तीन वर्षांचं मूल असेल तर या यादीच्या सगळ्यात वर एक ओळ लिहा: कोणत्या वेळी मूल कोणाकडे. बाकीचं सगळं त्याच्या खाली.

एरवी घरात दोन-तीन माणसं असतात आणि मूल कोणाच्या नजरेखाली आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. दिवाळीत घर भरतं आणि प्रत्येकाला वाटतं, मूल दुसऱ्या कोणाकडे तरी असेल. आईला वाटतं ते आत्याकडे आहे, आत्याला वाटतं ते आजोबांबरोबर गॅलरीत आहे, आणि आजोबांनी त्याला केव्हाच मोठ्या नातवंडांच्या घोळक्यात सोडलेलं असतं. भाजणं, जिन्यावरून पडणं, घशात काही अडकणं हे अशाच पाच-दहा मिनिटांत घडतं, तेही माणसांनी गजबजलेल्या घरात.

यावर उपाय एकच, आणि तो फुकट आहे. नाव घेऊन, वेळ सांगून मूल सोपवा. "भाऊजी, साडेपाचपर्यंत पिल्लू तुमच्याकडे हं." त्यावर समोरून "हो" ऐकू आलं पाहिजे. नुसती मान हलवलेली धरू नका. ज्याच्याकडे मूल आहे त्याने तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवायचा, आणि उठायची वेळ आली तर पुढच्या माणसाला तसंच नाव घेऊन सांगायचं. अर्ध्या-पाऊण तासाची पाळी पुरे, कारण दोन वर्षांच्या मुलामागे त्याहून जास्त वेळ सावधपणे फिरणं कोणालाही जड जातं. आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. तळणाच्या, स्वयंपाकाच्या, पूजेच्या तयारीच्या वेळी घरातल्या बायकांचे हात गुंतलेले असतात. त्या वेळच्या पाळ्या बाबा, काका, आजोबांच्या असायला हव्यात. ती त्यांनी बाईला केलेली मदत नव्हे. मूल त्यांचंही आहे आणि दिवाळीही.

चकल्या तळायची दुपार डोळ्यांसमोर आणा. शहरात ओट्यावर गॅस असतो, पण गावाकडे किंवा मोठा घाणा असेल तर शेगडी बऱ्याचदा जमिनीवर येते. भोवती वर्तमानपत्रं पसरलेली, एक जण सोऱ्या फिरवतंय, एक झाऱ्याने चकल्या उलटतंय, आणि तेल मुलाच्या छातीच्या उंचीवर उकळतंय. वास छान सुटलेला असतो आणि सगळी आवडती माणसं तिथेच बसलेली असतात. मूल तिकडे धावणारच, त्याला दोष देता येत नाही. म्हणून तळण मुलाच्या दुपारच्या झोपेत उरका, नाहीतर पाळीवरच्या माणसाने त्याला घेऊन सरळ घराबाहेर जावं, बागेत, देवळात, शेजारी. दाराला आडवं फळकूट लावून भागत नाही. ओट्यावर तळत असाल तर मागची शेगडी वापरा, कढईचा कान आणि झाऱ्याचा दांडा भिंतीकडे वळवा, आणि गरम तेलाची कढई निवायला जमिनीवर ठेवू नका. तळणाइतकंच लक्ष तळण संपल्यानंतरच्या अर्ध्या तासावर हवं. सगळे थकून चहाला बसतात आणि कढई तशीच असते.

एवढं करूनही भाजलंच, तर भाजलेला भाग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, आणि तो पूर्ण वीस मिनिटं. मूल रडेल, आजूबाजूचे "पुरे आता" म्हणतील, तरी धरा. बाकीचं अंग मात्र कोरडं आणि पांघरलेलं राहू द्या, म्हणजे त्याला थंडी वाजणार नाही. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यातलं काहीही लावायचं नाही. कपडा चिकटला असेल तर ओढून काढायचा नाही. चेहरा, हात, लघवीची जागा किंवा मुलाच्या तळहातापेक्षा मोठा भाग भाजला असेल, किंवा फोड आले असतील, तर स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून दवाखाना गाठा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा.

फराळाआधी साफसफाई होते, आणि तिचेही धोके आहेत. कपाटं रिकामी होतात तेव्हा डांबराच्या गोळ्या बाहेर पडतात. मुलाला त्या पेपरमिंटसारख्या दिसतात. फिनेल, अ‍ॅसिड, रॉकेल, गावाकडे फवारणीचं औषध थंड पेयाच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवायची सवय अजून गेलेली नाही. तशी बाटली दिसली की त्याच क्षणी हलवा. असं काही पोटात गेलंच तर उलटी करवू नका. मीठ-पाणी पाजू नका. ती बाटली बरोबर घ्या आणि थेट रुग्णालयात जा.

आता फराळ. "एकच लाडू, काही होत नाही" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि म्हणणाऱ्याच्या मनात माया असते. पण मुलासाठी खरा प्रश्न लाडवाचा नसून चिवड्याचा आहे. शेंगदाणे, काजूचे तुकडे, डाळं, खोबऱ्याचे काप. दाढा नीट आलेल्या नसतात, चावायचं तंत्र जमलेलं नसतं, आणि मूल खाता खाता हसतं, पळतं. शेंगदाण्याचा तुकडा श्वासनळीत गेला तर तो साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही, आणि दाण्यातल्या तेलामुळे तिथे सूज येते. पुष्कळदा घरचे विसरून जातात की त्या दिवशी ठसका लागला होता, आणि मूल नंतर आठवडाभर खोकत राहतं. म्हणून पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे नकोतच. मुलासाठी पातळ पोह्यांचा नुसता हिंग-हळदीचा चिवडा वेगळा काढा. याच दिवसांत घरात येणारी आणखी एक जपायची गोष्ट म्हणजे सीताफळ. त्याची बी गुळगुळीत असते आणि चटकन घशात सरकते. गर काढून, बिया एकेक मोजून बाजूला टाकून मगच मुलाला भरवा. ताटात अख्खं फळ ठेवून देऊ नका.

ठसका लागला आणि मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्या, तीच त्याची ताकद आहे. आवाज बंद झाला, श्वास येईना, ओठ निळसर दिसायला लागले तर एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन्ही खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्या. तेवढ्याने निघालं नाही तर मागून कमरेला मिठी घालून बेंबीच्या जरा वर मुठीने आत आणि वर पाच झटके द्या, आणि पुन्हा थापा. तोंडात न दिसणारी वस्तू बोटाने उकरायला जाऊ नका, ती आणखी आत जाते. मूल बेशुद्ध पडलं तर १०८ लावा, फोनवर सांगतील तसं करा. वर्षाच्या आतल्या बाळासाठी पद्धत थोडी वेगळी आहे. दिवाळीआधी मुलांच्या डॉक्टरांकडे जाणं झालं तर पाच मिनिटं मागून घ्या आणि दोन्ही प्रकार त्यांच्याकडून हाताने करून शिका. वाचून जेवढं कळतं त्याच्या कितीतरी पट करून कळतं.

गोडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोन वर्षांखालच्या मुलाच्या खाण्यात वेगळी साखर घालायची गरज नाही. मीठही बेताचंच असावं. वर्षाच्या आत तर मधाचं बोटही नको, कारण त्यातून बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. पण घरातले सगळे खात असताना मुलाला नुसतं बघत बसवणंही बरं नाही. त्यावर सोपा मार्ग म्हणजे फराळ करतानाच त्याचा वाटा बाजूला काढायचा. रव्याच्या लाडवाचा रवा तुपावर खमंग भाजून झाला की पाकात पडण्याआधी वाटीभर काढून ठेवा. तो दुधात शिजवला, वर केळं कुस्करलं की मुलाचा लाडू तयार. चकलीच्या भाजणीतली थोडी कोरडी भाजणी घेऊन लोणी घालून मऊ धिरडं करा. कोकणात आणि गोव्यात नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर पोह्यांचाच मान असतो: दूधपोहे, दहीपोहे, नारळाच्या रसातले पोहे, फोडणीचे पोहे. सणाचा पहिला घास म्हणून मुलाला याहून चांगलं काही सापडणार नाही. मऊ, पचायला हलकं, आणि सगळ्या पंगतीबरोबर एकच पदार्थ. तुमच्या घरची पद्धत वेगळी असली तरी ही घ्यायला काय हरकत आहे?

चतुर्दशीचा विषय निघालाच आहे तर झोपेबद्दल सविस्तर लिहिते, कारण दिवाळीतल्या निम्म्या रडारडीचं मूळ तिथे असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्याला १० ते १३. दिवाळीत ही झोप दोन्ही टोकांनी कापली जाते. रात्री गप्पा, फटाके आणि पाहुण्यांमुळे अकरा वाजतात, पहाटे साडेचारला अभ्यंगासाठी दिवा लागतो, आणि दुपारी कोणी तरी भेटायला येतं म्हणून डुलकीही बुडते. तिसऱ्या दिवशी मूल विनाकारण किंचाळायला लागतं आणि सगळे म्हणतात, लाडावलंय. ते लाडावलेलं नसतं, त्याला झोप हवी असते.

यावर माझं सांगणं असं: सणाचे सगळे कार्यक्रम हलवता येतात, मुलाची दुपारची झोप हलवता येत नाही. पाहुण्यांना बोलावताना चारनंतर बोलवा. तुम्ही कोणाकडे जाणार असाल तर तिथल्या घरी आधीच विचारून ठेवा की एक ते तीन मुलाला निजवायला कोणती खोली मिळेल. रात्री घरात कितीही गलका असला तरी निजण्याआधीचा क्रम तोच ठेवा: तेच पांघरूण, तेच गाणं, निजवणारी तीच व्यक्ती. जागा बदलली तरी क्रम बदलला नाही तर मूल झोपतं. आणि पहाटेच्या आंघोळीसाठी झोपलेल्या मुलाला उठवू नका. सासूबाईंना किंवा आजींना हे पटवणं अवघड जातं हे मला माहीत आहे, कारण सूर्योदयाआधीच्या आंघोळीला मोठा अर्थ आहे आणि तो नेम मोडायला कोणालाच नको असतं. त्यांना असं सांगून बघा: "आई, तुम्ही झोपेतच त्याच्या टाळूला शकुनाचं तेल लावा. उठलं की तुमच्या हातूनच आंघोळ घालू." टाळूला आजीच्या हातचं तेल लागतं, मूल झोपेतच राहतं, आणि आठ वाजता उन्हं आल्यावर गरम पाण्याने पाटावरची आंघोळ होते. ज्या घरांत हे केलंय तिथे आजीच पुढच्या वर्षी आपणहून तेलाची वाटी घेऊन येताना मी पाहिलंय.

त्या आंघोळीतही थोडं सांभाळा. बाजारच्या उटण्यात नागरमोथा, कचोरा यांचा भरड चुरा असतो, तो लहान मुलाच्या कातडीला ओरखडतो. मसुराचं बारीक पीठ आणि दुधाची साय पुरते. तेही आदल्या दिवशी मनगटावर थोडं लावून बघा. बादलीत आधी गार पाणी, मग त्यात गरम, आणि आपल्या कोपराने तपासून मग मूल जवळ. बंब किंवा गिझरच्या उकळत्या पाण्याची बादली मोकळी ठेवून टॉवेल आणायला जाऊ नका. आंघोळ झाली की बादली रिकामी करून पालथी घाला, कारण एवढुसं मूल बादलीतल्या थोड्या पाण्यातही तोल जाऊन डोक्यावर पडतं आणि स्वतःहून वर येऊ शकत नाही. गावाकडे परसातला हौद, विहीर, आडाचा कठडा पहिल्याच दिवशी स्वतः फिरून बघा.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ सगळ्यात अवघड असते. वात, निरांजन, नाणी, सुपारी, अक्षता, कुंकू, सगळं मुलाच्या हाताच्या उंचीवर मांडलेलं. पूजा चौरंगाऐवजी उंच टेबलावर मांडली तर देवी रागवणार नाही. नाणी आणि सुपाऱ्या पूजा आटोपताच मोजून उचला. हल्ली बाजारात बॅटरीवरच्या प्लास्टिकच्या पणत्या येतात. त्या सुरक्षित वाटतात, पण पुष्कळांत बटणासारखी चपटी बॅटरी असते आणि तिचं झाकण नखानेही उघडतं. ही बॅटरी मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजून काढते. वरून काहीही दिसत नाही. मूल लाळ गाळतं, खायला नको म्हणतं, एवढंच. स्क्रूने बंद होणारं झाकण असेल तरच त्या पणत्या घरात आणा, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी मोठ्या रुग्णालयात लगेच न्या, सकाळची वाट बघू नका. रांगोळीची पूड खरं तर दगडाची बारीक भुकटी असते. मूल ती उधळतं आणि श्वासात घेतं. मूल पोचेल तिथली रांगोळी तांदळाच्या पिठाची काढा.

फटाक्यांबाबत मी तडजोड सुचवत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात फुलबाजी द्यायची नाही, आपल्या हातात त्याचा हात धरूनही नाही. जळणाऱ्या फुलबाजीचं तापमान हजार अंशांच्या आसपास असतं आणि विझल्यावरही तार तापलेली राहते. मोठी भावंडं उडवत असतील तर शेजारी पाण्याची बादली ठेवा आणि विझलेली प्रत्येक तार तिथे टाकायला सांगा. "ही निरुपद्रवी आहे" म्हणून लहानांना दाखवली जाते ती नागगोळी. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६मध्ये सहा प्रकारच्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा फुफ्फुसात खोल जाणारे बारीक कण सगळ्यात जास्त नागगोळीतूनच निघाले. मुलाला खाली वाकून बघायला आपण जो फटाका देतो तो हाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये दिवाळीच्या रात्री फटाक्यांसाठी आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली होती, आणि बऱ्याच ठिकाणी गोंगाट त्याच सुमारास टिपेला पोचतो. म्हणून साडेसातपर्यंत मुलाला जेवू घालून खिडक्या लावलेल्या, रस्त्यापासून लांबच्या खोलीत घेऊन बसा. खिडकीच्या फटीत ओला टॉवेल, पंखा सुरू, आणि एखादं गाणं. आवाजाने दचकलं तर "घाबरायचं काय त्यात" असं म्हणू नका. कानांवर हात ठेवून सांगा: "मोठा आवाज झाला. बाहेर झाला. तू माझ्याजवळ आहेस." दम्याचा किंवा वारंवार धाप लागण्याचा त्रास असलेल्या मुलाचं औषध आणि स्पेसर त्याच खोलीत ठेवा.

त्याला प्रकाश दाखवायचाच असेल तर पर्याय आहेत. बॅटरीच्या टॉर्चवर रंगीत घोटीव कागद लावून भिंतीवर रंग पाडा. आकाशकंदील घरी करत असाल तर चिकटवायचं काम मुलाकडे द्या, वाकडं लागलं तरी चालेल. पण दिवाळीत या वयाला सगळ्यात जास्त आनंद देणारी गोष्ट आपल्या अंगणातच असते: किल्ला. विटा रचून झाल्या की वर चिखल थापायचं काम दोन वर्षांच्या मुलाला द्या. ते आधी बोटाने चाचपतं, मग तळवा रुतवतं, मग दोन्ही हातांनी चापट्या मारायला लागतं आणि प्रत्येक चापटीला तुमच्याकडे बघतं. त्याच्या मुठीत थोडे आळीव किंवा मोहरी द्या, ते ओल्या मातीवर भिरकावू द्या. रोज सकाळी पाणी शिंपडायला त्याला घेऊन जा. दोन-तीन दिवसांत हिरवे कोंब येतात आणि "हे मी केलं" हे त्याला कळतं. मूल मातीत रमतं तेवढा वेळ अख्खं घर शांत असतं. फ्लॅटमध्ये असाल तर गॅलरीत मोठ्या ताटात माती घेऊन हेच करता येतं. मावळे, तोफा वगैरे लहान वस्तू मात्र त्याच्या हाताला लागू देऊ नका.

आता पाहुणे. दहा महिने ते दीड-दोन वर्षांच्या दरम्यान अनोळखी माणसांना बिचकणं हा वाढीचाच भाग आहे. मावशी प्रेमाने हात पुढे करते, मूल आईच्या मानेत तोंड खुपसतं, आणि मावशी म्हणते, "माझ्याकडे येत नाही! कोणी असं शिकवलं?" त्या क्षणी आईला जी लाज वाटते ती कोणत्याही आईने मनाला लावून घेऊ नये. मावशीला सांगा: "ती आधी तुम्हाला जरा बघेल. तुम्ही तिच्याशेजारी नुसत्या बसा, हातात काहीतरी घेऊन खेळा." दहा मिनिटांत मूल स्वतः सरकत येतं. ओढून कडेवर घेतलेलं मूल दिवसभर त्या माणसापासून लांब पळतं. तोंडाचा पापा मात्र कोणालाच घेऊ देऊ नका, सर्दी-ताप असणाऱ्यांना तर जवळही येऊ देऊ नका. दिवाळी ही थंडीच्या तोंडची, संसर्गाची वेळ. कोणी दुखावलं तर "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणा. मोठी माणसं हे ऐकतात.

चुलत-मामे भावंडं आली की खेळण्यांवरून भांडण ठरलेलं. या वयाचं मूल वाटून घेऊ शकत नाही, तो त्याचा हट्ट नव्हे. त्याची सगळ्यात लाडकी दोन खेळणी पाहुणे यायच्या आधी कपाटात ठेवा. राहिलेली सगळ्यांची. भाऊबीजेला पाच-सहा वर्षांची ताई छोट्या भावाला ओवाळत असेल तर तबक मोठ्या माणसाने खालून धरावं, निरांजन मुलाच्या तोंडापासून हातभर लांब, आणि अक्षता डोक्यावर हलक्या टाकाव्यात, चेहऱ्यावर नाहीत. घागऱ्याच्या सिंथेटिक जाळीऐवजी सुती कपडे, गळ्यात काही नको, पैंजणाचे घुंगरू आधी ओढून बघा. आजी-आजोबा परदेशात किंवा दूर असतील तर त्यांच्याशी व्हिडिओ कॉल करायला काहीच हरकत नाही. त्यात माणूस उत्तर देतो. पाहुण्यांत शांतता हवी म्हणून मुलाला मोबाइलवर गाणी लावून देणं ही मात्र निराळी गोष्ट, तिथे हात आखडता ठेवा.

गावी जाणार असाल तर गाडीत मूल पुढच्या सीटवर मांडीत नको. एअरबॅग उघडली तर पहिला आघात त्यालाच बसतो. मागच्या सीटवर मुलांची वेगळी खुर्ची पट्ट्याने बांधून वापरा. कायद्यानेही १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी खुर्ची लागते. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी १५ फेब्रुवारी २०२३पासून हेल्मेट आणि चालकाला जोडणारा पट्टा बंधनकारक आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. भाऊबीजेच्या संध्याकाळी पुढे उभं केलेलं मूल, मागे साडीतली आई, हे दृश्य प्रत्येक चौकात दिसतं. त्या दिवशी रिक्षा करा. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबा. एसटीने जाणार असाल तर भरवण्यासारखं काही धावत्या गाडीत देऊ नका, थांब्यावर द्या.

बरोबरच्या पिशवीत काय असावं? थर्मामीटर. ओआरएसची पाकिटं, आणि ती कोणत्या मापाची आहेत ते पाहून घ्या. लहान पाकीट २०० मिलिलिटर पाण्याचं असतं, मोठं एक लिटरचं. अर्धं पाकीट अंदाजाने घालू नका. पॅरासिटामॉलचं सिरप तुमच्या डॉक्टरांनी वजनावरून लिहून दिलेल्या मापानेच द्या. बाटल्यांची तीव्रता वेगवेगळी असते, कुठे पाच मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम, कुठे २५०. गावात दुसरी बाटली घेतली आणि "नेहमीचा एक चमचा" दिला तर मात्रा दुप्पट होते. खोकल्याचं औषध सोबत नेऊच नका. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, असं कळवलं आहे. नातेवाइकांच्या फ्रिजमधली बाटली तर अजिबात नको. डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी घ्या, पावसाळा संपल्यावरच्या या दिवसांत डेंग्यू असतोच. मुलाच्या डॉक्टरांचा नंबर आणि लसीकरणाच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

भाऊबीज झाली की मुलाला अंगणात किंवा सोसायटीच्या मैदानात सोडण्याआधी कोणी तरी मोठ्या माणसाने एक फेरी मारावी. अर्धवट जळलेले, न उडालेले फटाके पायवाटेवर, गवतात पडलेले असतात आणि रंगीत कागदामुळे मूल नेमकं तेच उचलतं. ते सापडले की पाण्यात भिजवून मग फेका. घरी परतल्यावर पहिले दोन दिवस कोणालाही बोलावू नका. झोपेची वेळ एका दमात मागे ओढू नका, रोज पंधरा-वीस मिनिटांनी आणा. आठवड्याभरात मूल आपल्या वेळेवर येतं. खोकला दहा दिवसांनीही गेला नसेल, किंवा एका बाजूने घरघर ऐकू येत असेल, तर डॉक्टरांना दिवाळीतल्या ठसक्याबद्दल आठवणीने सांगा.